पायात किती किलो?

आपल्या हॉस्टेलात दोन विषयांवर प्रत्येकाचं ठाम मत असतं. एक मेसची भाजी आणि दुसरा ट्रेकिंगचे बूट. भाजीवर या पानांत दरवर्षी कोणीतरी लिहितंच, म्हणून मी बुटांवर लिहितो. त्याला निमित्तही आहे. आपल्या गिर्यारोहण क्लबला या वर्षी माजी विद्यार्थ्यांनी देणगी दिली आहे आणि पुढच्या बैठकीत तिचं काय करायचं ते ठरणार आहे. कट्ट्यावर जे कानावर येतं त्यावरून बहुतेकांचा कल असा दिसतो, की क्लबने डबल बुटांचे सहा जोड घ्यावेत, कपाटात ठेवावेत आणि दर उन्हाळ्यात हिमाचलला जाणाऱ्या बॅचने ते वापरावेत. "एकदाच खर्च, मग दहा वर्षं टेन्शन नाही," हा त्यामागचा फंडा.

माझं मत याच्या अगदी उलट आहे. आपण ज्या उन्हाळी मोहिमा करतो त्यांना जड बूट नकोत आणि सामायिक बूट तर मुळीच नकोत. हलका, पुरेसा कडक आणि ज्याच्या त्याच्या पायाला बसणारा बूट हवा. बैठकीत बोलायला दोन मिनिटं मिळतात आणि त्यातलं दीड मिनिट गोंधळात जातं, म्हणून सविस्तर इथे लिहितोय. मी शेवटच्या वर्षाला आहे. मतदान झालं तरी नवे बूट माझ्या पायात यायचे नाहीत, तेव्हा यात माझा स्वार्थ नाही एवढं तरी मान्य करा.

ज्यांनी सिंहगडाच्या वर काही पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी आधी थोडं सांगतो. डबल बूट म्हणजे बुटात बूट. बाहेर प्लास्टिकचं किंवा जाड कृत्रिम कापडाचं कवच आणि आत वेगळा काढता येणारा मऊ उबदार बूट. हे प्रकरण हिवाळ्यातल्या बर्फासाठी आणि साधारण ६,००० मीटरच्या वरच्या शिखरांसाठी बनलं. आपण जातो कुठे? मे-जूनमध्ये मनालीच्या आसपास. एखादी खिंड, एखादा बर्फावरचा कोर्स आणि फारच जोर आला तर सोलांगच्या वरचं फ्रेंडशिप शिखर, उंची ५,२८९ मीटर. म्हणजे हा पोशाख लग्नाचा आणि आपण निघालोय टपरीवर चहाला, असा प्रकार आहे.

आता हिशेब करू. इंजिनिअरिंगच्या मासिकात हिशेबाशिवाय मत मांडणं बरं दिसत नाही. उन्हाळी चढाईचे हलके बूट जोडीला साधारण १.२ ते १.५ किलो भरतात. प्लास्टिकचे डबल बूट सव्वादोन ते अडीच किलोच्या घरात जातात. फरक ढोबळमानाने एक किलो धरा, म्हणजे एका पायाला अर्धा किलो. शिखराच्या दिवशी बारा-चौदा तास चालणं होतं. समजा त्यात वीस हजार पावलं पडली. प्रत्येक पावलाला अर्धा किलो जास्त उचलायचं, म्हणजे दिवसाअखेर तुम्ही दहा हजार किलो फुकट उचललंत. दहा टन! तेही जिथे श्वास पुरत नाही अशा हवेत.

"पण सॅकमध्ये एक किलो जास्त असला तर आपण कुठे रडतो?" असा प्रश्न मला विचारला गेलाय. उत्तर पहिल्या वर्षाच्या मेकॅनिक्समध्ये आहे. पाठीवरचं ओझं जवळजवळ एकाच वेगाने पुढे सरकतं. पाय मात्र प्रत्येक पावलाला थांबतो, उचलला जातो, झुलतो आणि पुन्हा थांबतो. त्यात बुटाचं वजन कमरेपासून सगळ्यात लांब, लंबकाच्या टोकाला. मोमेंट ऑफ इनर्शियाच्या सूत्रात अंतराचा वर्ग येतो, हे व्हायवाला घोकलेलं आठवत असेलच. हे नुसतं कागदावरचं नाही. १९६९ साली अमेरिकन सैन्याच्या संशोधकांनी माणसांना वेगवेगळ्या जागी वजनं बांधून चालवलं आणि किती शक्ती खर्च होते ते मोजलं. पायावरचं वजन धडावरच्या तेवढ्याच वजनापेक्षा चार ते सहा पट महाग पडतं, असं निघालं. म्हणजे बुटांतला एक किलो कमी करणं हे सॅकमधून तंबू आणि स्टोव्ह काढून टाकल्यासारखं आहे.

आणि हा फक्त दमण्याचा प्रश्न नाही. उतरताना दमलेला माणूस पाय नीट उचलत नाही. क्रॅम्पॉन, म्हणजे बुटाखाली बांधायचे लोखंडी दात, दुसऱ्या पायाच्या गेटरमध्ये अडकतात आणि माणूस तोंडावर पडतो. गेल्या दोन उन्हाळ्यांत मी जेवढी पडझड पाहिली ती जवळजवळ सगळी उतरतानाची, दुपारची आणि दमलेल्या पायांची. वजनाचा संबंध आरामापेक्षा सुरक्षिततेशी जास्त आहे तो असा.

इथवर वाचून कोणी स्पोर्ट्स शूज घालून हिमाचलला निघेल म्हणून लगेच दुसरी बाजू सांगतो. हलका याचा अर्थ मऊ नव्हे. सह्याद्रीत आपल्याला मऊ तळव्याची सवय असते. ओल्या कातळावर ‘अ‍ॅक्शन ट्रेकिंग’सारखा स्वस्त बूट जे काम करतो ते महागड्या कडक बुटालाही जमत नाही, कारण मऊ रबर दगडाला चिकटतं. पहाटेच्या घट्ट बर्फावर नेमकं उलटं होतं. तिथे बुटाच्या कडेने किंवा टोकाने बर्फात खाच पाडायची आणि तेवढ्या दोन-तीन सेंटीमीटरवर उभं राहायचं. बुटाचा तळवा कडक असेल तर तो कॅन्टिलिव्हर बीमसारखा तुमचं वजन पेलतो. मऊ असेल तर तो वाकतो आणि ते काम पोटरीला करावं लागतं. पोटरी दहा मिनिटं करते, मग थरथरायला लागते.

अपुऱ्या बुटांची किंमत युरोपातल्या गिर्यारोहकांनी फार पूर्वी मोजली आहे. त्या काळी आल्प्समध्ये वर जाताना खिळे मारलेले जड बूट आणि कातळ चढायला मऊ तळव्याचे हलके जोडे, अशी पद्धत होती. १९३५ मध्ये पुंता रासिका या शिखरावर एक इटालियन तुकडी वादळात सापडली आणि सहा जण गेले. पायात हवामानाला न पुरणारे जोडे होते हे त्याचं एक कारण मानलं गेलं. त्या मोहिमेतला विताले ब्रामानी वाचला. त्याने १९३७ मध्ये खोल खाचांचा रबरी तळवा तयार केला, त्यासाठी टायरवाल्या पिरेल्लीचं पाठबळ मिळवलं आणि त्याच्या नक्षीला नाव दिलं ‘कर्रार्माटो’, म्हणजे रणगाडा. आपल्या बुटांच्या तळाला जे पिवळं ‘व्हिब्रॅम’ दिसतं ते याच विताले ब्रामानीच्या नावाचं लघुरूप आहे. खिळेही नकोत आणि मऊ जोडेही नकोत, दोन्हीचं काम करणारा एकच बूट हवा, हा विचार तिथून सुरू झाला. आजचा हलका गिर्यारोहण बूट त्याच विचाराचा नातू आहे.

मग किती कडक? यासाठी ब्रिटनमध्ये रूढ झालेली एक सोपी प्रतवारी आहे, ती पाठ करून ठेवा. बी-० म्हणजे साधा ट्रेकिंगचा बूट, त्याला क्रॅम्पॉन लावायचेच नाहीत. बी-१ थोडा कडक. त्याला सगळीकडून पट्ट्यांनी बांधायचे सी-१ क्रॅम्पॉन चालतात. बी-२ बराच कडक, आणि त्याच्या टाचेला मागे एक कंगोरा असतो. त्यात सी-२ क्रॅम्पॉनची मागची खटकी बसते, पुढे पट्टाच राहतो. बी-३ पूर्ण कडक, पुढे आणि मागे दोन्हीकडे कंगोरे, त्याला सी-३ म्हणजे पुढे तारेची पकड असलेले क्रॅम्पॉन. नियम एकच: क्रॅम्पॉनचा आकडा बुटाच्या आकड्यापेक्षा मोठा नको. मऊ बुटावर कडक क्रॅम्पॉन लावले तर बूट वाकतो, लोखंड वाकत नाही, आणि क्रॅम्पॉन निखळतो किंवा मोडतो. कुठे निखळेल ते आपल्या हातात नसतं.

या हिशेबाने आपल्याला काय लागतं ते पाहा. हामटा खिंडीसारख्या ट्रेकला चांगला ट्रेकिंगचा बूट पुरे, गरज पडली तर वर ताणून चढवायची छोटी दातेरी साखळी. तिथे महाग बूट घेणं म्हणजे सबमिशनच्या जर्नलला सोनेरी बाइंडिंग. बर्फाचा कोर्स आणि पाच हजार मीटरच्या आसपासचं सोपं शिखर यांना हलका बी-२. खड्या बर्फाच्या भिंती चढायच्या असतील तर बी-३, पण अशा भिंती चढणारा आपल्या क्लबात सध्या कोणी नाही, आणि जो कधी होईल त्याला माझा लेख वाचायची गरज उरणार नाही.

आता सगळ्यात जड आक्षेप, थंडीचा. क्लबमधले सीनियर म्हणतात, "बोटं गेली तर हलके बूट काय चाटायचेत?" आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. १९५० मध्ये अन्नपूर्णेवर पहिली चढाई करणाऱ्या मोरीस हेर्झोग आणि लुई लाशनाल या दोघांनाही पायाची सगळी बोटं गमवावी लागली होती. पण ते शिखर ८,०९१ मीटरचं. आपण आपल्या उंचीचा हिशेब करू. दर किलोमीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. मनाली दोन हजार मीटरवर. जूनच्या रात्री तिथे समजा १२ अंश असतील तर सव्वापाच हजार मीटरवर उणे ९ च्या आसपास. थंडी आहेच, पण चालत्या माणसाला, कोरड्या मोज्यात आणि नीट बसणाऱ्या बुटात सोसणारी थंडी आहे. सूर्य वर आला की तासाभरात त्याच जागी गरम व्हायला लागतं.

बुटात पाय गारठतो त्याची दोन मोठी कारणं म्हणजे ओल आणि आवळणं. ओला मोजा उष्णता बाहेर ओढून नेतो. आवळलेल्या बुटात रक्त बोटांपर्यंत पोचत नाही आणि मग कवच कितीही जाड असलं तरी आत ऊब येणार कुठून? शरीर ही शेगडी आहे आणि बूट ही नुसती रजई. मी ज्या कोर्सला होतो तिथे (नाव नको) बूट वाटप म्हणजे ढीग समोर आणि "आठ नंबर कोणाचा?" असा पुकारा. माझ्या रोपवरच्या एकाला नऊ लागायचा, मिळाला आठ. वर तो म्हणाला, "चालेल की, डबल आहेत, गरम राहतील." संपूर्ण रोपमध्ये जड बूट फक्त त्याच्या पायात होते आणि बोटं बधिर झाली ती फक्त त्याची. इन्स्ट्रक्टर सरांनी वेळेवर खाली पाठवलं म्हणून निभावलं, तरी अंगठ्याची दोन्ही नखं काळी पडून गेली. सहा जोडांच्या कपाटातून आपण दरवर्षी नेमकं हेच वाटणार आहोत. सहा जोड म्हणजे फार तर तीन-चार मापं. आणि बॅच कपाटात कोणते नंबर आहेत ते बघून निवडली जात नाही.

पण कंपनीच्या खोक्यावर ‘समर अल्पाइन’ लिहिलंय म्हणून तेवढ्यावर विश्वास ठेवा, असंही मी म्हणणार नाही. हे शब्द आल्प्सवरून आलेत आणि आल्प्सचा उन्हाळा वेगळा असतो. तिथे फ्रान्समधल्या शामोनीहून केबल कार माणसाला पावणेचार हजार मीटरच्या वर नेऊन सोडते. इटलीतलं ग्रान पाराडिसो हे ४,०६१ मीटरचं शिखर पायथ्याच्या झोपडीतून पहाटे निघून दुपारी परत येऊन करतात. झोपडी म्हणजे नावाला झोपडी. आत पलंग, गरम जेवण आणि बूट ठेवायला कोरडी खोली. रात्री बूट वाळतात, सकाळी कोरडे पायात. आपल्याकडे धुंडीच्या वर गेलं की तंबू. तीन-चार रात्री बर्फाजवळ काढायच्या आणि आज ओला झालेला बूट उद्या पहाटे दोन वाजता तसाच, कदाचित गोठलेला, पायात घालायचा. १९५३ मध्ये एव्हरेस्टवर शेवटच्या सकाळी हिलरीचे बूट गोठून दगड झाले होते आणि ते स्टोव्हवर मऊ करण्यात दोन तास गेले. हिलरीची ही गत, तर आपली काय कथा!

म्हणून हलका बूट घेणाऱ्याने तो कोरडा ठेवण्याची जबाबदारीही घ्यावी. पहाटे लवकर निघून बर्फ मऊ व्हायच्या आत, दहा-अकराच्या सुमारास, खाली यायचं. यात बुटाचं रक्षण होतं आणि आपलंही. गेटर घालायचे. मोज्यांचा एक कोरडा जोड फक्त झोपण्यासाठी राखायचा. तंबूत आल्यावर आतली गादी बाहेर काढायची, नाड्या पूर्ण सैल करायच्या, बुटात वर्तमानपत्राचे बोळे कोंबायचे, आणि रात्री बूट प्लास्टिकच्या पिशवीत घालून स्लीपिंग बॅगमध्ये पायाशी घ्यायचे. हो, वास येतो. हॉस्टेलात राहणाऱ्याने वासाची तक्रार करू नये. स्टोव्हजवळ मात्र कधी वाळवू नका, तळव्याचा गोंद सुटतो.

आता ‘दहा वर्षं टेन्शन नाही’ या फंड्याकडे वळू. आमच्या मटेरियल्सच्या सरांना विचारा, तेही हेच सांगतील. बुटाच्या वरच्या भागात आणि खालच्या रबरात एक फेसाळ थर असतो, मिडसोल. तो पुष्कळदा पॉलियुरेथेनचा असतो. पॉलियुरेथेन हवेतल्या ओलाव्याने हळूहळू विघटित होतं, त्याला हायड्रोलिसिस म्हणतात. बूट वापरा किंवा नका वापरू, काही वर्षांनी मिडसोल भुगा होऊन तळवा गळून पडतो. उलट जो बूट कपाटात बंद राहतो त्याचा जास्त लवकर बोऱ्या वाजतो. जुनी प्लास्टिकची कवचंसुद्धा वय झालं की थंडीत तडकतात. आता क्लबचं कपाट आठवा. जिन्याखाली, पावसाळ्यात भिंतीला ओल, जूनपासून पुढच्या मेपर्यंत बंद. दहा वर्षांनी त्या कपाटातून काय निघेल ते मी सांगायला नको. जुने बूट विकत किंवा भाड्याने घेणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावं. तळवा दोन्ही हातांनी जोरात वाकवून बघा, मिडसोलवर नख दाबून बघा. चिरा दिसल्या किंवा पीठ पडलं की दुकानदार कितीही गोड बोलला तरी नमस्कार करून निघायचं.

बूट निवडायचा कसा, हेही सांगतो, नाहीतर नुसतं मत मांडून पळालो असं व्हायचं. दुकानात संध्याकाळी जा, दिवसभरात पाय थोडा सुजलेला असतो. डोंगरावर घालणार तेच मोजे बरोबर न्या. नाड्या न बांधता पाय पुढे सरकवा, अंगठा टेकला की टाचेमागे एक बोट जायला हवं. मग नाड्या बांधून जिना उतरा. बोटं पुढे आपटली तर माप लहान. जिन्याच्या कडेवर फक्त चवड्याने उभं राहा. टाच आत वर उचलली जात असेल तर चढताना फोड नक्की. लहानपणापासून चपलेत वाढलेले आपले पाय पुष्कळदा पुढून पसरट असतात आणि युरोपी बूट पुढून अरुंद. एक नंबर मोठा घेऊन हा प्रश्न सुटत नाही, टाच ढिली पडते. दुसऱ्या साच्याचा बूट बघा. ऑनलाइन सेलमध्ये पन्नास टक्के सूट बघून कोणाची बोटं विरघळत असतील तर त्याने आधी हा परिच्छेद परत वाचावा.

क्रॅम्पॉन दुकानातच बुटाला लावून बघा. पट्टे न आवळता नुसते बसवून बूट उचलून हलवा. जागेवर राहिले तर जोडी जमली, पडले तर नाही. आणि नवा बूट थेट मनालीला नेऊ नका. आधी चार-सहा रविवार पहाटे सिंहगड चढा-उतरा. बघणारे हसतील, हसू द्या. फोड यायचाच असेल तर तो सिंहगडावर येऊ दे, तिथे निदान खाली भजी मिळतात.

राहिला पैशाचा प्रश्न, आणि खरी अडचण तीच आहे हे मला माहीत आहे. चांगला बी-२ बूट म्हणजे कित्येक महिन्यांचं मेस बिल. सगळ्यांच्या घरून तेवढे पैसे येत नाहीत. "आपापले बूट घ्या म्हणजे पैसेवाल्यांनीच जा, असं का?" हा प्रश्न बैठकीत नक्की येईल आणि तो यायलाच हवा. माझं उत्तर असं. देणगीतून क्रॅम्पॉन, आइस अ‍ॅक्स, हेल्मेट आणि दोर घ्यावेत. क्रॅम्पॉनची लांबी कमी-जास्त करता येते, हेल्मेटही कोणाच्याही डोक्याला बसवता येतं, म्हणून सामायिक वापराला याच वस्तू योग्य आणि त्या दरवर्षी भाड्यात खूप पैसे खातात. उरलेल्या रकमेतून बूट घेणाऱ्याला अर्धी मदत, अर्धी बिनव्याजी हप्त्याने फेड. पास आउट होताना बूट विकायचे असतील तर आधी क्लबमध्ये त्याच मापाच्या ज्युनियरला, मिडसोल तपासून. यासाठी एक वही आणि त्यात प्रत्येकाचं माप, एवढीच यंत्रणा लागते. ज्याला एकदाच जाऊन बघायचंय त्याने भाड्याने घ्यावेत, पण मनालीत एक दिवस आधी पोचून, तीन दुकानं फिरून, जिना उतरून बघून. रात्री दहाला टॉर्चच्या उजेडात जे मिळतील ते नव्हेत.

डबल बुटांशी माझं वैर नाही. क्लबने उद्या ६,००० मीटरच्या वरचं शिखर ठरवलं, किंवा मेच्या सुरुवातीलाच ताज्या बर्फात आठवडाभर राहायचं ठरवलं, किंवा कोणाची बोटं मुळातच लवकर पांढरी पडत असतील, तर तिथे डबल बूट हवेतच आणि मी पहिला हात वर करीन. १९५३ च्या एव्हरेस्ट मोहिमेनेसुद्धा दोन प्रकारचे बूट नेले होते, खालच्या हिमनदीसाठी हलके आणि वरच्या थंडीसाठी वेगळे उबदार. ज्यांना जगातल्या सगळ्यात उंच जागी जायचं होतं त्यांनाही खालच्या टप्प्यात जड बूट घालून मिरवावंसं वाटलं नाही. आपल्याला का वाटतं?

मला वाटतं, याचं उत्तर फोटोत आहे. जड, रंगीत, गुडघ्यापर्यंत आलेला बूट फोटोत भारी दिसतो आणि नोटीस बोर्डावर फोटोच लागतो. पण ज्युनियर बॅचमधल्या सहा जणांचे पाय फोटोसाठी नाहीत. त्यातले निम्मे पहिल्यांदाच बर्फ बघणार आहेत. त्यांना आपण पहिल्याच वर्षी दुसऱ्याच्या मापाचा अडीच किलोचा बूट घालायला लावला, तर दोन-तीन जण तरी "हे आपलं काम नाही" असं म्हणून कायमचे परत येतील आणि दोष स्वतःच्या दमाला देतील.

बैठक परीक्षेआधीच्या शनिवारी आहे, जागा नेहमीचीच. मतदानाला येण्याआधी एक करा. क्लबच्या कपाटात जुना डबल बुटांचा एक जोड आहे, तो रेक्टर सरांच्या परवानगीने पायात घाला आणि हॉस्टेलचे चार मजले पाच वेळा चढा-उतरा. मग आपले नेहमीचे बूट घालून तेच करा. त्यानंतर हात कोणत्या बाजूला वर करायचा ते तुमचं तुम्ही ठरवा.